मागच्या बाकावर बसणाऱ्या कंडक्टरबाई

कंडक्टरबाई निवृत्त झाल्या तेव्हा अख्ख्या डेपोने सुटकेचा निःश्वास टाकला, असं त्यांचे यजमान सांगायचे. बाईंचा आवाजच तसा. शेवटच्या सीटवर डुलक्या घेणाराही दचकून तिकीट काढायचा. "घरात तिकीट मागत नाही, एवढं माझं नशीब," असं यजमान म्हणायचे, तेही बाई ऐकताहेत याची खात्री करून.

त्या आवाजामुळेच वस्तीतल्या संघटनेने त्यांना बोलावलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर संघटनेची एक खोली होती. घरकाम करणाऱ्या बायका, हमाल, भाडेकरू असे लोक तिथे संध्याकाळी जमायचे. आपापल्या गल्लीत, कामाच्या जागी माणसं कशी जोडायची, हक्काचं कसं मागायचं, हे त्यांना शिकायचं होतं. शिकवायचं काम बाईंकडे आलं.

त्याच वर्षी वस्तीतले नळ कोरडे पडले. बाई सगळ्यांना घेऊन पाणीखात्याच्या कचेरीत गेल्या आणि साहेबाला असं धारेवर धरलं की संध्याकाळपर्यंत पाणी आलं. वस्तीने बाईंना डोक्यावर घेतलं. बाईंनाही ते आवडलं. कुणाला नाही आवडणार?

मग एकदा त्या जिन्यावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि बिछान्याला खिळल्या. नेमके तेव्हाच नळ पुन्हा बंद झाले. लोकांनी लांबून पाणी वाहिलं, एकमेकांशी भांडणं केली, पण कचेरीची पायरी कुणी चढलं नाही. बाईंचा सगळ्यात हुशार विद्यार्थी म्हणजे एक चांभार. तो भेटायला आला तेव्हा बाईंनी विचारलं, "अरे, मग तुम्ही गेला का नाहीत?"

"तुम्ही नव्हतात ना, बाई."

त्याने ते अगदी मनापासून, कौतुकाने म्हटलं होतं. तो गेल्यावर बाईंनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. यजमानांनी विचारलं, "फार दुखतंय का?"

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "पण पाय नाही."

काठी टेकत त्या पुन्हा जिना चढल्या, तेव्हा त्यांनी आपली खुर्ची भिंतीपाशी, सगळ्यांच्या मागे नेऊन ठेवली. शिकवणं तिथून सुरू झालं. दोघादोघांच्या जोड्या करायच्या. एकाने आपल्या कामावरचं दुखणं सांगायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं आणि नंतर तेच सगळ्यांना सांगून दाखवायचं. सल्ला द्यायचा नाही. सल्ला दिला की बाई काठी आपटायच्या. "कुणाच्या दारात गेलात तर आधी पत्रक पुढे करू नका," त्या सांगायच्या. "कसं चाललंय, विचारा. आणि उत्तर संपेपर्यंत हलू नका. कंटाळा आला तरी." बैठकीत जो मागच्या वेळी बोलला, त्याने या वेळी आधी गप्प बसायचं, हा दुसरा नियम. तो पाळताना सगळ्यात जास्त हाल बाईंचेच होत. एखादी बाई अडखळली की त्यांच्या ओठांवर वाक्य येई. मग त्या पदराचं टोक तोंडात धरून बसत. लोक हसत, त्याही हसत. पण बोलत नसत.

त्यांची सून इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या एका लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती. अबोल पोर. सासूच्या वर्गाला ती आधी आली तीही घरी एकटं बसायचा कंटाळा म्हणून. लॉन्ड्रीत बायका दिवसभर वाफेत उभ्या असायच्या. बसायला स्टूल नाही, आणि पाठ टेकली की मुकादम ओरडणार. सुनेने तिथल्या एकेकीचं ऐकायला सुरुवात केली. डबा खाताना, कपडे बदलताना, घरी जाताना वाटेत. पावसाळा सरेपर्यंत तिच्याभोवती सगळा इस्त्रीविभाग गोळा झाला होता.

काय करायचं ते ठरवायला बायका सायकलच्या दुकानावर जमल्या. बाईंचं मत होतं, फाटक अडवायचं. आपली पाळी आल्यावर त्यांनी ते मांडलंही. खोलीत सगळ्या माना डोलल्या. तेवढ्यात सून उभी राहिली.

"आई, मला हे पटत नाही," ती म्हणाली. "फाटक अडवलं तर चादरी अडतील. इस्पितळात आजारी माणसं आहेत. लोक आपल्यालाच नावं ठेवतील. आपण काम थांबवायचं नाही. चहाच्या सुट्टीला आपण उभ्यानेच चहा पितो ना? त्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून खाली बसायचं, रोज. मुकादम ओरडला तरी सुट्टी संपेपर्यंत उठायचं नाही."

"आणि एखादी घाबरून उठली तर?" बाईंनी विचारलं.

"म्हणून आधी इथे बसून बघू. मुकादम तुम्ही व्हा."

हात वर करून मतं घेतली. बाईंची बाजू पडली. त्यांना ते लागलं, नाही असं नाही. पण त्या काठी घेऊन उठल्या आणि मुकादम होऊन त्या बायकांवर अशा खेकसल्या की खालचा सायकलवाला वर डोकावून गेला. एकही उठली नाही.

लॉन्ड्रीत पहिल्या दिवशी मुकादम गोंधळला, दुसऱ्या दिवशी त्याने कामावरून काढायची धमकी दिली. बायका सुट्टीभर बसायच्या आणि घंटा झाली की निमूट कामाला लागायच्या. ओरडायचं कशावर, हेच त्याला कळेना. शेवटी मालक स्वतः बघायला आला. "तुमच्यातली पुढारी कोण?" त्याने विचारलं. कुणी एकीकडेही बोट दाखवलं नाही. मग इस्त्रीवरची सगळ्यात जुनी बाई बोलली, तिच्यानंतर तिच्या शेजारची, असं करत आठ-दहा जणींनी आपापलं दुखणं सांगितलं. सून त्यांच्यात शेवटून दुसरी होती.

स्टूल आले. वाफ बाहेर काढणारा पंखा मात्र अजून आलेला नाही. त्यासाठी बायकांची खटपट चालू आहे आणि धुलाईविभागही आता त्यांच्यात सामील झालाय.

मालक येऊन गेला त्या संध्याकाळी सुनेने घरी येऊन सगळं सांगितलं. बाईंनी मधे एकही शब्द न घालता शेवटपर्यंत ऐकलं. मग तिच्यासाठी पाणी तापत ठेवलं आणि म्हणाल्या, "पाय सोडून बस जरा. आणि उद्यापासून वर्ग तू घे, मी मागे बसते. माझं काही चुकलं तर सांगायला आता घरचंच माणूस आहे."