पुन्हामास्तर

आमच्या न्हावऱ्यात पेटीमास्तरांना कुणी पेटीमास्तर म्हणत नसे. पुन्हामास्तर म्हणत. समोरचा गात असो, तबला वाजवत असो, नाहीतर नुसता चहा गाळत असो, मनासारखं झालं नाही की मास्तर उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा घे." चिडणं नाही, आरडाओरडा नाही. पण त्या एका बोटानं जेवढी माणसं रडवली, तेवढी छडीनं कुणी रडवली नसतील. मी त्यांचा तबलजी. माझं रडून झालेलं आहे.

मास्तरांचा जीव पेटीत होता आणि त्याहून जास्त टेपमध्ये होता. दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाकडून त्यांनी जुना कॅसेट डेक मिळवला आणि एसटीत मांडीवर घेऊन आणला, तान्हं पोर आणावं तसा. आता कोऱ्या कॅसेट मिळतात कुठे? मग दौंड स्टेशनबाहेरच्या भंगारवाल्याकडून कुणाच्या प्रवचनाच्या, कुणाच्या लग्नाच्या कॅसेट आणायच्या. वरच्या भोकावर चिकटपट्टी लावली की त्यांच्यावर नवं टिपता येतं आणि जुनं पुसलं जातं. मी एकदा म्हणालो, मास्तर, मोबाईल आहे की. तर म्हणाले, "मोबाईलमधी चुकलेलं बी ऱ्हातं. म्हणून त्याच्यापुढं कुणी जीव वतून गात न्हाई. टेपवर जागा एकालाच." आमचे मोबाईल दारातच पत्र्याच्या डब्यात जमा व्हायचे, आणि टेप सुरू झाला की मास्तर बजावायचे, "गप बसा, टेप चालू हाय."

तरी मी जायचोच. कंपनीतली शिफ्ट करून अंग आंबलेलं असायचं, बायको शिव्या घालायची, तरी जायचो. खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाइतकं मन लावून आजवर कुणी ऐकलेलं नाही. डोळे मिटून बसायचे आणि माझ्या डग्ग्यावरचा तळवा कुठे कच्चा पडला ते मला सांगायचे. असा माणूस छळतो तेव्हा माणूस छळूनही घेतो.

आमच्या रेकॉर्डिंगची वेळ एमएसईबी ठरवायची. शेतीपंपांची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाची असली की सगळ्या शिवारातल्या मोटारी लागतात, व्होल्टेज पडतं आणि डेकमधली फीत क्षणभर हळू फिरते. मग ऐकताना त्या जागी सूर जरासा वर चढतो. तुम्हाआम्हाला कळणारही नाही. मास्तरांना कळायचं. "हललं," म्हणायचे. हललं म्हणजे पुसलं. घरात सेलवर चालणारा एक लहान टेपही होता, पण त्याला ते डबडं म्हणायचे. डबड्यावर फक्त ऐकायचं, रेकॉर्डिंग करायचं नाही.

काकू, म्हणजे त्यांची बायको, माहेरच्या निमोण्याच्या. आईकडून आलेली एक गवळण त्या म्हणायच्या. त्या भाकरी थापत असताना मी ओझरती ऐकलेली. हातातला घास हातात राहायचा. पण मास्तरांनी लग्नापासून त्यांना ना कुणाच्या हळदीला गाऊ दिलं, ना भजनाला. आवाज झिजतो म्हणे. तो टेपसाठी राखायचा. कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा काकूंची एक ओळ सापडायची नाही, आणि टेप काही मास्तरांच्या मनासारखा होत नव्हता.

मग काकूंच्या घशात गाठ निघाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनच्या आधीचा आठवडा नेमका दिवसाच्या लाईटीचा. दिवस मावळला की काकूंचा घसा बसायचा, म्हणून गाणं दिवसाच घेणं भाग होतं.

काकू गायल्या. अशा गायल्या, की मला ठेका धरवेना. मास्तरांनी फीत मागे घेऊन ऐकलं. दुसऱ्या कडव्यात कुणाची तरी मोटार लागली होती. "हललं," मास्तर म्हणाले. मी हात जोडले. म्हटलं, ही राहू द्या, दुसरी कॅसेट लावा. कपाट भरून कॅसेट होत्या, सगळ्या त्यांच्या स्वतःच्या पेटीच्या. त्यांतली एक पुसायची त्यांची तयारी नव्हती. "खोटं नाणं मी घरात ठेवत न्हाई," म्हणाले आणि बोट फिरवलं.

काकू त्याच कॅसेटवर पुन्हा गायल्या. पुन्हा हललं. त्यानंतर पुन्हा. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, ऱ्हाऊ द्या की एक. हललं तर हललं. माझाच हाय ना आवाज."

मास्तरांनी मान वर केली नाही. रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि म्हणाले, "हललेलं चालत न्हाई. पुन्हा घे." काकूंनी श्वास घेतला. खोकला आला. आवाज आलाच नाही. आता येईल, मग येईल, म्हणून मास्तर टेप बंद करीनात. फीत फिरत राहिली आणि तिच्यावरची आधीची गवळण शेवटपर्यंत पुसली गेली.

काकू वाचल्या. गळ्याला भोक, त्यावर पदर. घरी आल्यापासून रोज दिवेलागणीला त्या डबड्यात ती कॅसेट लावायच्या आणि मास्तरांसमोर बसायच्या. टेपमधून मास्तरांचाच आवाज यायचा, "हललेलं चालत न्हाई. पुन्हा घे." मग एक श्वास, एक खोकला आणि बाकी नुसती खरखर. मास्तर उठून जात नसत. खाली मान घालून ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "लई छळती रं ही." मी म्हणालो, "मास्तर, काकूंचं काही हललेलं नाही." मला तेव्हा बरं वाटलं. आजही वाटतं.

मास्तर पेटीवर बसल्या बसल्याच गेले. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. बाभळीवर दोन बसलेले, पण खाली उतरायला तयार नाहीत. चुलतभाऊ म्हणाला, मास्तर, पेटी सांभाळू. कुणी म्हणालं, कॅसेट सांभाळू. कावळे ढिम्म. मग सगळे काकूंकडे बघू लागले. तुम्ही काहीतरी कबूल करा म्हणाले. ज्या बाईला आवाज नाही तिला.

काकूंनी पिशवीतून डबडं काढलं आणि बटण दाबलं. घाटावर मास्तरांचा आवाज आला. बायकांनी तोंडाला पदर लावले, म्हाताऱ्यांनी हात जोडले. काकूंनी फीत मागे घेतली आणि या वेळी लाल बटण दाबलं. लोकांना वाटलं, विधी टिपून ठेवतायत. मला कळलं काय चाललंय ते. गर्दीत कुजबुज सुरू झाली, तसा मीच ओरडलो, "गप बसा, टेप चालू हाय."

सगळे गप्प. नदीचं पाणी, वारा आणि लांब कुठेतरी मोटार. गुरुजींनी वाट बघून दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावून मोकळे झाले. काकूंनी टेप थांबवला, मागे घेतला आणि कानाशी धरून ऐकलं. मीही वाकलो. माझं ओरडणं होतं, पाणी होतं. पण आधी फीत मागे घेताना काकूंनी बटण जरा लवकर सोडलं असावं. अगदी सुरुवातीला मास्तरांचा एक शब्द उरला होता. "हललेलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवलं आणि फीत मागे घेतली.