देवचार खंय?

सुरुवातीलाच सांगते, या ग्रुपवरचे तुमचे अनुभव मी जेवता जेवता वाचते... करमणूक म्हणून. बरेचदा हसतेसुद्धा, राग मानू नका. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताचा विषय काढला की मी एवढंच विचारते, "त्याचं वजन किती होतं?" विषय तिथेच संपतो. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच थोडा राग येतोय. पण गेल्या वर्षी जे झालं ते झालं, आणि ते मी भरदुपारी, शुद्धीत, डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही आचऱ्याला राहतो. माझं माहेर वैभववाडीचं, घाटाच्या पायथ्याचं. लग्न होऊन कितीतरी वर्षं झाली तरी वाडीतल्या बायका मला अजून 'वैभववाडीची' म्हणूनच ओळखतात. घर रस्त्यापासून जरा आत आहे. पुढे अंगण, त्याला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, मधे फाटक. पडवीत बसलं की फाटक समोर दिसतं. उजव्या हाताला माडांची बाग, ती थेट व्हाळापर्यंत जाते. तो ओढा म्हणजे आमच्या वाडीची शीव. घरात आम्ही तिघं. मी, माझा नवरा प्रसाद (हा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, दिवसभर बंदरावर असतो) आणि माझे सासरे, आबा.

आबा म्हणजे वाडीचं गाऱ्हाणं. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते – दरवर्षी भात कापून झालं की शिवेवर देवचाराची राखण असते. देवचार म्हणजे आमच्याकडचा शिवेचा राखणदार. भूतच, पण आपल्यातलं. रात्री वाट चुकलेल्याला हा घरी आणून सोडतो म्हणतात. त्याला कोंबडा, रोट, थोडी दारू आणि विडी द्यायची, आणि त्याआधी एकानं मोठ्यानं सगळ्या देवांना हाक मारून वाडीचं म्हणणं मांडायचं. हे गाऱ्हाणं. ते पाठ असून भागत नाही, ते घालता यावं लागतं. आबा ते असं घालायचे की लोक पलीकडच्या वाडीतून ऐकायला यायचे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आबांना झटका आला. हातपाय वाचले, जीभ गेली. म्हणजे जीभ होती, शब्द गेले. एकच शब्द उरला – 'खंय'. कुठे. चहा हवा असला तरी 'खंय', पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी 'खंय', मी शाळेतून आले की आनंदानंही 'खंय'. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी, शब्द येतीलही, नाहीही येणार. वाडीतली मंडळी एकदा येऊन बसली, इकडचं तिकडचं बोलली आणि जाता जाता दबकत म्हणाली की यंदा राखणीला गाऱ्हाण्याचं दुसऱ्या कुणाला सांगूया काय. आबांनी मान डोलावली. मंडळी गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून जे पडले ते रात्री जेवायलाही उठले नाहीत. मला फार वाईट वाटलं. माझ्या आयुष्यात मी इतकं काही मागितलं नसेल जितका त्या दिवसांत आबांचा आवाज मागितला. कुणाकडे मागितला, ते विचारू नका.

आता कादंबरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यामुळेच झालं. मी दिवाळी अंकांत अधूनमधून विनोदी लिहिते. तेव्हा एक कादंबरी लिहायला घेतली होती, आणि तिचा निवेदक होता खुद्द देवचार. शिवेवर पोस्टिंग मिळालेला, कंटाळलेला, सरकारी नोकरासारखा बदलीची वाट बघणारा देवचार. त्याची तक्रार अशी की हल्ली वाट कुणी चुकतच नाही, आणि चुकलंच तर मोबाईलचा नकाशा त्याला थेट व्हाळात नेऊन घालतो. मग काढायला परत हाच. कोंबडा त्याच्या नावावर, जेवतात गावकरी. एका प्रकरणात एक बेवडा स्कूटरसकट व्हाळात पडतो. देवचार त्याचा हात धरून बसतो, त्याला त्याच्या बायकोच्या गोष्टी सांगायला लावतो, आणि पहाटे बेवडा प्राण सोडतो. सकाळी गाव म्हणतं, देवचारानंच खाल्ला. देवचार म्हणतो, "चला, वार्षिक अहवालात काहीतरी दाखवायला झालं."

हे मी आबांना वाचून दाखवायचे. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, दुपारी जेवण झालं की पडवीत लॅपटॉप घेऊन बसायचे. आबांना कादंबरी भलतीच आवडली. बेवड्याच्या प्रकरणाला अर्ध्या चेहऱ्यानं हसले आणि मग डोळे पुसले. एकच भाग मी त्यांच्यापासून लपवला होता. देवचार एके ठिकाणी कुरकुरतो की दरवर्षी ठेवतात ती विडी सर्दलेली असते, पेटतच नाही. विडी ठेवायचं काम आबांचं. त्यांना लागेल म्हणून तो परिच्छेद मी वाचताना गाळला, प्रसादलाही दाखवला नाही. हे लक्षात ठेवा.

तर ऑक्टोबरातला शनिवार. ऊन मरणाचं. मी शेवटचं प्रकरण वाचत होते. त्यात देवचाराच्या बदलीची ऑर्डर येते आणि तो शिवेवरून निघतो. शेवटचं वाक्य होतं, "बरंय मंडळी, मी जातो." ते वाचून मी मान वर केली तर फाटकाच्या आत, पायरीपाशी, एक म्हातारा उभा. दुमडलेलं धोतर, मळका सदरा, हातात काठी आणि त्या उन्हात खांद्यावर कांबळं. मला वाटलं, पिंगुळीकडचा कुणी चित्रकथीवाला असेल, ही माणसं पूर्वी चित्रं दाखवत, गोष्टी सांगत गावोगाव फिरायची म्हणतात. त्यानं आगपेटी मागितली. मी आणून दिली. त्यानं पायरीवर बसून निवांत विडी पेटवली आणि म्हणाला,

"तुझो देवचार भारीच शुद्ध बोलता गो. कचेरीत बसता काय तो?"

आगंतुकाकडून पुस्तकपरीक्षण ऐकायची सवय नसल्यानं मी जरा तोडूनच म्हटलं की निवेदन प्रमाण मराठीतच बरं दिसतं. तो म्हणाला, दिसत असेल. मग विडीकडे बघत म्हणाला, "बिडयेचा लिवलंस ता मात्र खरा आसा. सर्दललीच आसतत."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. आबा मात्र खो खो हसले... त्यांच्यासाठी ते नवीन होतं ना.

मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं हे?" तो सरळ माझ्या शेवटच्या वाक्याकडे वळला. अगदी शिक्षक वहीतली चूक दाखवतो तसा. "हयसर निघताना कोण 'जातंय' म्हणता? 'येतंय' म्हणतत. आणि एकदा 'येतंय' म्हटल्यार बदली खंयची? परत येवकच व्हया. कित्याक धाडलंस तेका? इचारलंस तरी?"

खरं सांगते, मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. घरातून निघताना 'जाते' म्हटलं तर माझी आईसुद्धा ओरडायची. आणि मी, या घरची सून, कादंबरीच्या शेवटी देवचाराच्या तोंडी 'जातो' घालून बसले होते.

मग तो आबांकडे वळला. म्हणाला, राखण जवळ आली, तयारी झाली काय? आबा म्हणाले, "खंय." त्या एका शब्दात काय होतं ते मलाच माहीत. म्हातारा म्हणाला, बरं, मग मी घालतो, तू ऐक. त्यानं काठी आडवी ठेवली, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आवाज मोठा नव्हता, पण अंगणभर भरून राहिला. ग्रामदेवाला हाक मारली, गांगो देवाला मारली, वाडीच्या मूळ पुरुषाला मारली, आणि तिथून थेट गुराढोरांवर, पोराबाळांवर उतरला. मला ऐकताना काही खटकलं नाही. मी कुठे जाणकार?

आबांना खटकलं. ते खुर्चीत पुढे सरकले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. ज्याचं गाऱ्हाणं त्यालाच हाक नाही. नाव गाळलं तर ते गाऱ्हाणं पोचतच नाही, हे त्यांनी जन्मभर सांभाळलेलं. एकदा "खंय" म्हणाले. म्हातारा पुढे म्हणतच राहिला. परत "खंय" म्हणाले. आणि मग रागानं, खुर्चीच्या हातावर मूठ आपटून –

"देवचार खंय?"

दोन शब्द. इतक्या महिन्यांनी दुसरा शब्द.

म्हातारा थांबला. हसला. "आसा रे, हयच आसा," म्हणाला. "आता तू म्हण."

आणि आबा म्हणायला लागले. अडखळत, शब्द तोडत, पण त्याच जुन्या चालीत. मला काही दिसेना, डोळे भरून आले होते. प्रसादला फोन करायला मी आत धावले, फोन सापडेना, सापडला तर बोलता येईना. फक्त "ये, ये" म्हटलं. त्याला वाटलं, आबा गेले. पाणी घेऊन बाहेर आले तर आबा एकटेच, गाऱ्हाणं चालू. पायरीवर माझी आगपेटी होती. मी फाटकापर्यंत गेले, रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. समोर मासळी विकून परत निघालेल्या शेजारीण काकी येत होत्या. त्यांनी कुणालाही पाहिलं नव्हतं. आबांना विचारलं, ते कुठे गेले? आबा म्हणाले, "येतंय म्हणान गेलो."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. पाठ झालेलं, चालीवर म्हणायचं, असं कधी कधी आधी परत येतं म्हणाले, ते मेंदूत वेगळं साठवलेलं असतं. मला पटलं, मी विज्ञानाचीच. प्रसादचं म्हणणं, पिंगुळीकडचाच कुणीतरी असणार, गडग्याआड बसून तू वाचतेस ते ऐकलं असणार. हेही पटलं असतं. पण सर्दलेल्या विडीचा परिच्छेद मी कधी मोठ्यानं वाचलाच नव्हता. तो फक्त लॅपटॉपमध्ये होता आणि माझ्या डोक्यात. यावर प्रसाद म्हणतो, विसरली असशील. नाही विसरले. पिंगुळीला जाऊनही विचारून आले. तिथल्या मंडळींनी चहा दिला, कांबळंवाला कुणी नाही म्हणाले.

कादंबरीचा शेवट मी बदलला. ऑर्डर येते, देवचार तिची विडी वळतो आणि तिथेच राहतो. मला हा शेवट जास्त आवडतो, खोटं कशाला बोलू.

आणि राखण झाली. गाऱ्हाणं आबांनीच घातलं. पूर्वीसारखं नाही, मधे मधे थांबत, पण एकही नाव न गाळता. प्रत्येक हाकेमागे वाडी "होय म्हाराजा" म्हणत होती. मी मागे बायकांत उभी होते. देवचाराच्या नावापाशी आबा जरा जास्तच थांबले. मला वाटलं, शब्द अडला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग ते जे म्हणाले ते कुठल्याच गाऱ्हाण्यात नसतं:

"बा शिमेवरच्या देवचारा म्हाराजा... आमच्या सुनेन तुझ्यार पुस्तक लिवल्यान. काय चुकला-माकला आसात तर सांभाळून घे. कोण तिका वैभववाडीची म्हणतत... पण ती ह्या घरची आसा. वाट चुकली तर हयच हाडून सोड."

तो माणूस कोण होता, मला आजही सांगता येत नाही, आणि तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर जरूर सांगा, मी ऐकेन. पण तेव्हा, शिवेवर, माझ्या बाजूला उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे वळून बघत असताना, मी वाडीच्या बरोबरीनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "होय म्हाराजा."