विणलेलं लोखंड

लोखंड दिसलं की आमच्या वर्कशॉपातले बाबूजी त्याला नखानं टिचकी मारून कान लावायचे. एका लग्नात आहेराच्या पातेल्याला टिचकी मारून नवरीच्या बापाला म्हणाले, "पत्रा है, भिया. जावई तरी ठोकून-बजावून घेतला ना?" त्या घरानं आम्हा दोघांनाही पुन्हा बोलावलं नाही.

ते कापड मिलमध्ये फिटर. मिल बंद पडल्यावर आठ दिवस गेटवर घोषणा दिल्या. मग "घसा बसला, गेट काही उघडत नाही," म्हणत सांवेर रोडवरच्या आमच्या वर्कशॉपात आले. मी तिथे स्टोअर सांभाळायचो. असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल: पगार अर्धा, तोंड पूर्ण.

एकदा गौतमपुऱ्याकडचा शेतकरी नांगराला अडलेला काळा गोळा घेऊन आला. नारळाएवढा, पण उचलताना कंबर आठवावी असा. ऐरण करायला एक बाजू सपाट करून हवी होती. बाबूजींनी टिचकी मारली आणि गप्प झाले. गप्प झालेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

दोन दिवस करवतीची पाती मोडत त्यांनी एक चकती कापली. चकतीची आणि गोळ्याची, कापलेल्या दोन्ही बाजू घासून आरशासारख्या केल्या, वर पातळ तेजाब फिरवलं. रुपेरी पट्ट्या उमटल्या, एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या.

"भिया, हे तर विणलंय," ते म्हणाले. "कोणत्या मिलचं?"

कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी येऊन सांगितलं, ही उल्का. एका लहानशा ग्रहाच्या पोटातलं लोखंड आणि निकेल. दहा लाख वर्षांत काही अंश, इतकं सावकाश निवत गेलं, म्हणून ही वीण. पुढे टक्कर झाली, ग्रह फुटला.

"म्हणजे तिथेही तालाबंदी," ते म्हणाले. "कारीगर चांगले होते पण, सर."

प्राध्यापकांना अख्खा गोळा हवा होता. आभाळातून पडला हे ऐकून शेतकऱ्यानं हात जोडले होते. त्याला आता ऐरण नको, देव हवा होता. दोघांची जुंपली. बाबूजींनी चकती प्राध्यापकांच्या हातात ठेवली. "तुम्हाला पोट बघायचंय, हे घ्या. त्याला पाया पडायचंय, बाकीचा त्याचा."

बाबूजी गेले त्या हिवाळ्यात मी त्या शेतकऱ्याच्या गावी गेलो. गोळा निंबाखाली शेंदूर माखून बसला होता. मागे जाऊन पाहिलं. कापलेल्या बाजूवर शेंदूर नव्हता. रेघा लख्ख, फक्त एका कोपऱ्यात गंजाचा तांबूस ठिपका.

शेतकरी म्हणाला, "बाबूजी हर महीने बस से आते थे, तेल लगाने. दो महीने से नहीं आए. बीमार हैं क्या?"

मी सांगितलं. तो घरात जाऊन तेलाची बाटली घेऊन आला, आणि चिंधी माझ्या हातात दिली.