मेलबर्नला वारा फिरला तेव्हा

गेल्या महिन्यात मामा गेल्याचं धाकट्या दिरांनी केंदूरहून कळवलं, तेव्हा मी पहिलं विचारलं, "फार त्रास झाला का?"

"न्हाई वैनी. जेवले, लिंबाखाली आडवे झाले, ते उठलेच न्हाईत."

रडू आलं, आणि मोकळंही वाटलं... माझे सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, आपल्या अंगणात, आपल्या माणसांत गेले.

कारण परक्या शहरात त्यांना गमावतोय की काय, ही भीती मी एकदा भोगली होती. सणसवाडीच्या कारखान्यानं ह्यांना मेलबर्नला पाठवलं, तिथंच आमची लेक झाली आणि सासूबाईंच्या माघारी एकट्या पडलेल्या मामांना आम्ही बोलावून घेतलं. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, बडबडी. मामा मात्र माझ्याशी थेट बोलतच नसत. चहा हवा असला तर मुलाला म्हणायचे, "च्या हुईल का, इचार." मी समोरच उभी असायची! मला वाटायचं, सून म्हणून मी त्यांना पसंतच नाही...

नोव्हेंबरातली, तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावरची ती दुपार दौंडच्या चैत्रासारखी तापली होती. धोतर आणि पातळ बंडीवर मामा फिरायला गेले. मी लेकीला पाजत होते, तोच वारा फिरला. दारं आपटली, आभाळ काळवंडलं आणि घामेजल्या अंगावर काटा यावा अशी थंडी पडली. मग गारा. हे कामावर, मामांना इंग्रजीचा गंध नाही, खिशात पत्ता नाही. गारा थांबताच लेकीला दुपट्यात गुंडाळून मी निघाले. दिसेल त्याला विचारत होते, पांढरं धोतर नेसलेले आजोबा पाहिलेत का?

कोपऱ्यापलीकडे नाणं टाकून कपडे धुवायचं दुकान होतं. काचेतून मामा दिसले. कपडे वाळवायच्या गरम मशीनला पाठ लावून बसलेले, डोक्याला गुलाबी टॉवेल, हातात वाफाळता कप. शेजारी एक गोरी आजीबाई चादरींच्या घड्या घालत होती. माझा जीव भांड्यात पडला.

"पोरी, लेकराला घिऊन कशाला आलीस अशा गारठ्यात?" मामा उठत म्हणाले. थेट मला. मी रडायलाच लागले.

"रडू नको. मला काय न्हाई झालं. ह्या बाईंनी हाताला धरून बसवलं, च्या दिला."

"पण त्यांच्याशी बोललात काय?"

"थंडी वाजतीय हे बोलून सांगावं लागतंय व्हय?" मग खाली बघत म्हणाले, "तुझ्याशी बी काय बोलावं, सुचायचं न्हाई. शिकलेली सून... हसशील वाटायचं."

म्हणजे तेच मला बुजत होते! मी डोळे पुसता पुसता हसले, तेही हसले. घरी येईपर्यंत त्यांची बडबड थांबली नाही.

मामा केंदूरला परतल्यावर दर रविवारच्या फोनवर आधी मलाच बोलवायला लावत. "आज तिकडं ऊन का गारठा?" हा पहिला प्रश्न. हे कुरकुरायचे, मुलगा मी आहे म्हणून... आता फोन नसतो. तरी रविवारी सकाळी मी मागचं दार उघडून पायरीवर उभी राहते, वारा कुठून येतोय ते बघते आणि हळूच सांगते, "गारठा हाय, मामा. स्वेटर घातलाय."