पाणी सोडून देणारे आबा

पाऊस लागला की आमच्या वसाहतीतली माणसं दारं लावून घेत आणि कालवेवाले आबा खांद्यावर फावडं टाकून बाहेर पडत. डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ. लेकीनं पाठवलेली छत्री घरात खुंटीला. "छत्री धरली तर फावडं कोण धरल?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मग एकेका फाटकापुढे थांबून ते झाडाच्या बुंध्याशी साचलेलं पाणी बघत आणि हाक मारत, "आळं फोडू का?"

ज्यांनी बीडचे उन्हाळे काढलेत त्यांना हा प्रश्न किती भयंकर आहे ते कळेल. आम्ही टँकरची वाट बघत लहानाचे मोठे झालो. आंघोळीचं, भांड्याचं, तांदूळ धुतल्याचं, सगळं पाणी झाडाला. आळं जितकं खोल तितकी घरची बाई शहाणी. काही जणांनी तर आळ्याला विटांचा कठडा करून वर सिमेंट फिरवलेलं. अशा गावात पाणी गटारात सोडून द्या म्हणणारा माणूस वेड्यातच निघणार. त्यातून आबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर झालेली. "जन्मभर पाणी आडवलं आन् आता सोडत फिरतो का?" असं शेजारच्या मास्तरांनी एकदा तोंडावर विचारलं. आबा म्हणाले, "आडवायला आधी यावं लागतंय, मास्तर. माज्या कालव्याला पाणी आलतं कधी?"

"उन्हाळ्यात पाजणारे लई, पावसाळ्यात इचारणारं कुणी न्हाई," असं ते झाडांबद्दल म्हणत. मृगाच्या आधीच त्यांची फेरी सुरू होई. वायरीत घुसलेल्या फांद्या, शेवग्याचे लांबलेले फोक, एकाच अंगाला भरलेला गुलमोहर, सगळ्यांचं डोकं हलकं करून ठेवायचं. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे साल सोलून निघत नाही. बदल्यात चहा चाले, पण साखर त्यांच्या हाताने.

एक खोड मात्र वाईट होती. फाटक लावायचे नाहीत. आबा येऊन गेले हे झाडापेक्षा आधी शेळ्यांना कळे. आमची जास्वंद दोनदा बुडख्यापर्यंत गेली. आईनं तक्रार केली तर म्हणाले, "फुटती की वैनी. छाटणीच झाली म्हनायची."

आबा माझ्या वडिलांचे दोस्त, म्हणून आई त्यांना भाऊजी म्हणे. दोघांचं छान जमे, फक्त आमच्या कडुनिंबावरून जमत नसे. वडील गेले त्या वर्षी आईनं तो लावला होता. ऐन दुष्काळात स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ करून उरलेली अर्धी त्याला घातली होती. त्याचं आळं वसाहतीत सगळ्यांत खोल, आणि ते कुणी फोडायचं नाही हा तिचा हुकूम होता.

मग ते वर्ष आलं. कपिलधारचा धबधबा दिवाळीपर्यंत कोसळत राहिला. आमच्या अंगणातली काळी माती पाणी पिऊन पिऊन फुगली. कडुनिंबाचा पाला पिवळा पडला आणि एके सकाळी बघतो तर झाड स्वयंपाकघराच्या बाजूला कललेलं. घरावर यायच्या आत तोडून टाका, असं जो तो सांगू लागला. आई हटून बसली. "झाड बी तोडायचं न्हाई आन् आळं बी फोडायचं न्हाई."

आबांनी वाद घातला नाही. आळ्यातल्या पाण्यात हात घालून त्यांनी मूठभर चिखल वर काढला आणि तिच्यापुढे धरला. "वास घ्या, वैनी."

आईनं घेतला आणि तोंड फिरवलं. कुजकट, आंबूस वास मलाही आला.

"ह्याला तहान न्हाई लागलेली," आबा म्हणाले. "ह्याचा जीव गुदमरतोय."

आईनं आबांच्या हातातलं फावडं घेतलं आणि आळ्याचा काठ स्वतःच फोडला. गढूळ पाणी रस्त्याकडे धावलं तशी ती रडायला लागली. "केवढं पाणी चाललंय, भाऊजी."

"जाऊ द्या. आपलं न्हाई ते."

त्याच दिवशी आबांनी गटारापर्यंत चर काढला, माणूस बोलावून कललेल्या बाजूच्या फांद्या उतरवल्या आणि उरलेल्या झाडाला दोरांचा ताण दिला. झाड जगेल का, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. आई विचारी, ते म्हणत, "चैत्रात कळंल."

चैत्र बघायला ते इथे नव्हते. गुडघे गेले, एकटं राहणं होईना, म्हणून लेक त्यांना चिपळूणला घेऊन गेली. निघताना त्यांनी ओक्याबोक्या खोडावर हात ठेवला, आईला जयभीम घातला आणि गाडीत बसले. फाटक अर्थात उघडंच राहिलं.

तेव्हापासून आई त्यांना फोन करते. आज कोवळी डिरी फुटली, आज पाला तांबूस आहे, आज मोहर आला. पलीकडून आबा खोदून खोदून विचारत. तिकडच्या पावसाचं विचारलं तर एवढंच सांगत, "हितं सगळा उतार. पाणी थांबतच न्हाई. गॅलरीत बसून बघतो नुसतं."

या पावसाळ्यात मी व्हिडिओवर फोन लावून दिला. आईनं हौसेनं हिरवागार शेंडा दाखवला. आबा म्हणाले, "शेंडा कावून दाखवता? बुडख्याकडं न्या." आई या वयात चिखलात उकिडवी बसली आणि फोन अगदी मुळाशी धरला. पाऊस नुकताच उघडला होता. खोडाशी पाण्याचा थेंबही साचलेला नव्हता.

आबांनी पोटभर बघून घेतलं. मग म्हणाले, "बरं हाय आता झाड. ह्याच्यासाठी फोन करू नका, वैनी. माजं इचारत जा कधीमधी."

आईनं फोन वळवून स्वतःच्या तोंडासमोर धरला.

"जेवलात का, भाऊजी?"