लाल वाळूचा डाग

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या लाँड्रीत इस्त्री करणारे रत्नागिरीचे चाचा पूर्वी प्रवासी जहाजावर कपडे धुवायचे. मी ग्रीक बेटावर सुट्टीला निघालोय म्हटल्यावर त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"लाल वाळूचा किनारा बघा, भाई. डाग हट्टी असतो. सूर्यास्ताला पांढऱ्या भिंतीला टेकून बसा, पाठीला चुना लागेल."

"कितीदा उतरलात तिथे?"

"एकदाही नाही. सात वर्षं पाहुण्यांचे कपडे बघितले. आमची पाळी संपेपर्यंत जहाज सुटलेलं असायचं."

मी संतापून कामगारांच्या हक्कांवर बोलू लागलो.

"खलास, भाषण पुरे. तुमचा शर्ट तिथे धुऊ नका, तसाच आणा."

मी परतल्यावर त्यांनी तो शर्ट खिडकीपाशी नेला, लाल डागावरून अंगठा फिरवला.

"आज राहू दे. उद्या धुतो."

तो शर्ट मी अजून मागितलेला नाही.