कोट्याची फरशी आणि नातीचे पाहुणे

मागच्या अंगणात फरशी मी पक्कीच बसवली होती, हे आधी लिहून ठेवतो. बाकी लोक काय वाट्टेल ते सांगतात.

माझ्या नातीला, प्राजक्ताला, बघायला मुलाकडचे रविवारी येणार होते. सून म्हणाली, "बाबा, मागे झाडांजवळ खुर्च्या टाकल्या असत्या, पण चिखल किती!"

"फरशी टाकून देतो," मी म्हणालो.

मुन्ना मिस्त्रीने अंगण बघितलं. "काका, पहले नल का पाइप देख लेते हैं." मी त्याला चहा पाजून परत पाठवला. मी चौथी पास, पण मिलमध्ये तीस वर्षं मशिनी बसवल्या. दगड काय मशीनपेक्षा अवघड असतो? (असतो.)

तीन दिवस खपलो. कोट्याचा दगड, रेती, सिमेंट, सगळं दोरी लावून. मधेच एक वीतभर खड्डा लागला, वर विटेचा तुकडा. माझी ओळ बिघडवत होता! त्यात मलबा भरला, ठोकला, वर फरशी. बायकोला आणून दाखवलं. "छान झालंय हो," ती म्हणाली. लग्नानंतर दुसऱ्यांदा!

रविवारी सकाळी नर्मदेचं पाणी यायचं होतं. एक दिवसाआड, तेही थोडाच वेळ येतं, टाकी रिकामी. बायको मागे गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, नळाचा कॉक कुठाय?"

"कुठला कॉक?"

"खड्ड्यातला! मी काय तिथे पूजेला बसत होते?"

आता मला काय माहीत? चाळीस वर्षं नळ तीच सोडते. मला वाटायचं, पाणी आपलं आपण येतं!

"कोणत्या फरशीखाली आहे, बाबा?" सून.

"ही," मी छातीठोक सांगितलं आणि छिन्नी लावली. खाली रेती. मग शेजारची. रेती! दोरी सरळ असली की सगळ्या फरश्या सारख्याच दिसतात, हो.

"मुन्नाला बोलावू?"

"खबरदार!"

सिमेंट मी असं पक्कं कालवलेलं की एकही दगड अख्खा निघेना. अकराव्या दगडाखाली कॉक सापडला. बायकोने फिरवला. नळाने 'फुस्स' केलं आणि गप्प. पाणी जाऊन दहा मिनिटं झाली होती! सून बादल्या घेऊन शेजारी पळाली.

मी बनियनवर, डोक्यापासून पायापर्यंत धूळ, मलब्यात बसलेलो. इतक्यात मागचं फाटक वाजलं. कडक इस्त्रीचे एक गृहस्थ, मुलाचे वडील, तासभर आधीच!

"क्यों मिस्त्रीजी, घर के बुजुर्ग कहाँ हैं?"

'मीच' म्हणायला तोंड उघडलं, पण उखडलेलं अंगण समोर दिसत होतं. "खजराना मंदिर गए हैं, साहब. दर्शन को."

"ये फर्शी किसने लगाई? कॉक ही दबा दिया?"

"उन्होंने ही, साहब."

"अरे, किसी जानकार से पूछ तो लेते!"

"पूछते किसको हैं! चौथी पास हैं, पर अकड़ देखो. घरवाले बोल-बोल के थक गए."

तेवढ्यात प्राजक्ता शेजारच्या पाण्याचा चहा घेऊन दारात आली. "आजोबा, आधी हात धुवा... नाही, राहू दे, पाणी नाहीये."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कॉककडे.

लग्न ठरलं. मुलगी तर आवडलीच, पण व्याही सगळीकडे सांगत फिरतात, "घर एकदम खरं. आजोबांबद्दलची माहिती आम्हाला खुद्द आजोबांनीच दिली!"